पाहुण्यांचा वायफाय आणि दोन बाइट्सनी हुकलेले बाप्पा

गेल्या वर्षी गणपतीत आमच्याकडे ऐन आरतीत टीव्ही आपोआप चालू झाला आणि त्यावर कुठल्यातरी मिसळीचा रील, फुल आवाजात. सगळे टाळ्या वाजवता वाजवता मागे वळून बघायला लागले. भाच्याच्या मित्राने मागे उभ्या उभ्या चुकून कास्ट, म्हणजे फोनवरचं टीव्हीवर पाठवायचं बटण, दाबलं होतं. पोराला काय बोलणार, पासवर्ड मीच दिलेला, आणि घरचा पासवर्ड एकदा दिला की टीव्ही काय, प्रिंटर काय, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर काय, सगळंच समोर येतं.

म्हणून यंदा आधीच ठरवलं, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं. पहिल्यांदा वाटलं मॅक फिल्टर लावू, म्हणजे फोनचा ओळखीचा आकडा (मॅक अ‍ॅड्रेस) यादीत असेल त्याच फोनला एन्ट्री. एका संध्याकाळीत नाद सोडला. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन दर नेटवर्कला वेगळाच बनवलेला मॅक अ‍ॅड्रेस दाखवतो, त्यामुळे मी लिहून घेतलेला आकडा आणि राउटरला दिसणारा आकडा जुळेचना. शिवाय चाळीस पाहुण्यांचे आकडे टाईप करत बसायला मी काय सोसायटीचा वॉचमन आहे?

मग राउटरमधलं गेस्ट नेटवर्क चालू केलं. नाव टाकलं ‘गणपती बाप्पा’, तर घेईचना. नावाला 32 ची मर्यादा असते पण ती अक्षरांची नाही, बाइट्सची (इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो), आणि देवनागरीत काना-मात्रा-वेलांटी सगळे आपापले वेगळे 3 बाइट्स खातात, मोजले तर 34 झाले. बाप्पा दोन बाइट्सनी हुकले. शेवटी ‘पाहुणे’, 18 मध्ये बसलं.

गेस्टला घरचं नेटवर्क दिसायची टिक काढली, खूश झालो, आणि सहज म्हणून बायकोचा फोन ‘पाहुणे’ला जोडून ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकला तर लॉगिन पेज हजर! बराच वेळ डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली की माझा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये आहे, नुसता वायफाय पसरवतो, म्हणजे आयपी वाटणारा खरा मालक फायबरवाल्या इंटरनेट कंपनीचा डबा, आणि त्याला पाहुणा कोण नि घरचा कोण काही कळत नाही, माझं गेस्ट म्हणजे नुसती वेगळी पाटी. मग राउटर मोड केला, म्हणजे आयपी वाटायचं काम माझ्या राउटरकडे घेतलं, डीव्हीआर-प्रिंटरच्या वायरी डब्यातून काढून राउटरला लावल्या, टीव्हीही तिकडेच घेतला, डब्याचा वायफाय बंद. ह्यात डबल नॅट होतं, म्हणजे आयपी बदलून पुढे पाठवायचं काम डबा आणि राउटर दोघंही करतात, ऑनलाइन गेमवाल्यांना कधी कधी नडतं, आमच्याकडे कोणी खेळत नाही. परत चेक केलं, डीव्हीआर गायब. डब्याचं लॉगिन पेज मात्र पाहुण्यांना अजून उघडत होतं, कारण तो राउटरच्या पलीकडे, म्हणून त्याचा पासवर्ड बदलायला गेलो तर तो अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच. आता काय बोलू.

100 एमबीपीएस स्पीडपैकी पाहुण्यांना 20, आणि क्यूआर कोड छापून चपलांच्या रॅकवर चिकटवला. आल्या आल्या लोक वाकतात तिथेच, कोणी पासवर्ड विचारलासुद्धा नाही.

आरती शांतपणे झाली. जेवणं आटोपल्यावर मामी फोन घेऊन आली, “अरे, बारशाचे फोटो टीव्हीवर दाखवायचेत सगळ्यांना, तुझा टीव्हीच दिसत नाहीये ह्यात.” मामीला नाही कोण म्हणणार, दिला घरचा पासवर्ड.