शाहूंच्या गावात भाड्यानं घर

कोल्हापुरात कुणीही माईक हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ही राजर्षी शाहूंची पुरोगामी नगरी. मला ते वाक्य आवडतं, कारण ते खोटं नाही. ६ मे २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला अख्खं शहर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं होतं, रिक्षा, केएमटीच्या बस, दुकानं सगळं, आणि कुणी जबरदस्ती केली नव्हती, लोक आपणहून थांबले होते. पण त्याच शहरात मुस्लीम नावाच्या माणसानं कळंब्याला, आपटेनगरला नाहीतर नागाळा पार्कात एखाद्या नव्या अपार्टमेंटमधला टू बीएचके भाड्यानं मागितला तर बहुतेक वेळा काय होतं हे सगळ्या एजंटांना माहितीय, सगळ्या मालकांना माहितीय, आणि त्याबद्दल कुठल्याच भाषणात एक अक्षर नसतं. म्हणून लिहायला बसलोय.

माझा एक मित्र बँकेत आहे, मूळचा मिरजेचा, बदली होऊन इकडं आला. बायको आणि पहिलीतली एक पोरगी, एवढंच कुटुंब. (नाव लिहीत नाही, त्यानंच नको म्हटलंय.) घर शोधायला मी बरोबर फिरत होतो कारण माझ्या ओळखी जास्त. एका ठिकाणी सगळं जुळलं. मालक म्हणजे एक रिटायर्ड काका आणि मावशी, दोघंही अगदी चांगली माणसं, हे मी मुद्दाम लिहितोय. मावशींनी वहिनींना किचन दाखवलं, ओट्याखाली सिलेंडर कसा बसतोय ते दाखवलं, "पाणी सकाळी लवकर येतंय, पण टाकी मोठी हाय, काळजी करू नका" म्हणाल्या, चहा केला, भाडं आणि डिपॉझिटसुद्धा ठरलं. मग काका म्हणाले, करार करायला वकिलाकडं द्यायला आधारची झेरॉक्स द्या. मित्रानं दिली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद जवळ धरून वाचला आणि काही न बोलता मावशींकडं दिला. मावशींनी वाचला, व्यवस्थित चार घड्या घातल्या आणि मित्राच्या हातात परत दिला. "पोरगा पुण्याला असतोय, त्याला विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन. "सर, मालकांची काय हरकत नाही हो, पण सोसायटीचं तसं आहे." सोसायटीच्या सेक्रेटरींना मी स्वतः जाऊन भेटलो तर ते म्हणाले, "आम्ही कशाला नको म्हणू, मालक ते, घर त्यांचं." म्हणजे नाही कुणीच म्हणालं नाही आणि घर मात्र मिळालं नाही! भांडायचं तरी कुणाशी, प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट करतोय आणि कागदावर कुठंच काही नाही.

मला राग आला होता, मित्र मात्र शांत होता. तो म्हणाला, मी एरवी फोनवर पहिलं नावच सांगतो, हॅलो म्हटलं की लगेच नाव, निम्मे लोक तिथंच फोन ठेवतात, तेवढंच पेट्रोल वाचतं. आणि पोरगीला घर बघायला आणत नाही, कारण ती लगेच कुठली खोली आपली ते ठरवून टाकते आणि मग घरी गेल्यावर रोज विचारत बसते. एका शिकल्यासवरल्या, दर महिन्याला पगार घेणाऱ्या, वेळेवर टॅक्स भरणाऱ्या माणसानं आपल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी ही काळजी घ्यायची, हे मला अजून गिळवत नाही. शेवटी त्याला सदर बाजारात घर मिळालं, ओळखीतून. घर चांगलं आहे, पण शाळा लांब पडली आणि मुख्य म्हणजे ते त्यानं निवडलेलं नाही, तेवढंच उरलं होतं म्हणून घेतलं. आणि मग आपलेच लोक म्हणतात, ही माणसं एकाच ठिकाणी का राहतात, आमच्यात मिसळत का नाहीत.

आता कारणं बघू, कारण ती तोंडपाठ झालीत. पहिलं कारण नॉनव्हेज. कोल्हापुरात! जिथं रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लागते आणि पाहुणा आला की तांबडा-पांढरा रस्सा झाल्याशिवाय त्याला सोडत नाहीत, तिथं हे कारण सांगणाऱ्या मालकाच्या घरात आठवड्यातून दोनदा मटण शिजत असतं. जे खरंच शाकाहारी आहेत त्यांचं मी समजू शकतो, पण मग हिंदू मटण खाणाऱ्यालाही नको म्हणा, तसं कुणी म्हणत नाही. दुसरं कारण, पाहुणे फार येतात. ते सगळ्यांकडंच येतात. तिसरं कारण भीती, आणि हे मी हसण्यावारी नेणार नाही. जून २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या स्टेटसवरनं शहरात जे झालं, दगडफेक, इंटरनेट बंद, त्यानंतर बरीच साधी माणसं खरोखर घाबरली आहेत, दोन्हीकडची. पण भीतीवरचा उपाय सगळ्यांसाठी एकच आहे, रजिस्टर करार करा, पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या. आणि करार रजिस्टर करणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे सक्तीचं आहे, ती जबाबदारी मालकाची आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल एवढी माहिती हातात असताना त्याचं फक्त नाव वाचून भीती वाटत असेल, तर ती आपण आपली तपासायला पाहिजे.

हे एकट्या कोल्हापूरचंही नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना घर मिळताना होणाऱ्या अडचणी नोंदवलेल्या आहेत. नंतर काही वर्षांनी दिल्ली आणि आसपास अभ्यासकांनी साधी गोष्ट केली, घराच्या जाहिरातींना वेगवेगळ्या नावांनी फोन लावले, नोकरी-पगार सगळं सारखं, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाला जवळपास सगळीकडं या म्हणाले, आणि दलित आणि मुस्लीम नावांना कुठं नकार, कुठं जादा अटी. दलित मित्रांना विचारा, "आडनाव काय?" हा प्रश्न घर बघताना कितव्या मिनिटाला येतो ते.

मला राहून राहून एका गोष्टीचं वाईट वाटतं, की हे सगळं ज्या गावात चाललंय त्या गावाचा मोठेपणाच मुळात राहायला जागा देण्यातनं आलाय. दसरा चौकात उभं राहून बघा, आजूबाजूला बोर्डिंगच बोर्डिंग, म्हणजे वसतिगृहं. ती कशासाठी निघाली? खेड्यातनं शिकायला आलेल्या बहुजन समाजाच्या पोरांना गावात कुणी खोली देत नव्हतं, जेवायची सोय नव्हती, म्हणून. महाराजांनी १८९६ ला राजाराम कॉलेजला सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं होतं, पण ते नावालाच सगळ्यांचं राहिलं, राहत होती प्रामुख्यानं ब्राह्मण मुलंच. मग त्यांनी वेगळा रस्ता धरला. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ ला मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढून मुस्लीम बोर्डिंग आणि त्याचं अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आरक्षणाचा २६ जुलै १९०२ चा हुकूम सगळ्यांना पाठ आहे, पण नुसत्या हुकमानं काय होतं, पोरगा शहरात राहिलाच नाही तर शिकणार कुठनं आणि नोकरीला लागणार कुठनं. आधी डोक्यावर छप्पर पाहिजे, हे त्या माणसाला तेव्हा कळलेलं होतं.

यावर एकानं मला सुनावलं, बघ, शाहूंनीपण जातवार-धर्मवारच केलं की, मग आमची सोसायटी आमच्या लोकांची असली तर काय बिघडलं? हा मुद्दा वरवर बरोबर वाटतो म्हणून सविस्तर उत्तर देतो. ज्याला सगळीकडनं बाहेर काढलंय त्याच्यासाठी काढलेलं दार वेगळं आणि ज्याच्याकडं सगळं आहे त्यानं लावून घेतलेलं दार वेगळं. आणि गोष्ट तिथं थांबलीही नाही. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जैन बोर्डिंगातला एक मुलगा जाऊन आला. परत आल्यावर त्याला सांगितलं, आंघोळ कर, मगच आत ये. तो म्हणाला नाही करणार, आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा म्हणजे आपल्या कुंभोजचे भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर. राहत्या जागेतनं बाहेर काढलं गेलेल्या या माणसानं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात असं बोर्डिंग सुरू केलं की जिथं सगळ्या जातीधर्माची पोरं एका छताखाली राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला नाव दिलं गेलं, छत्रपती शाहू बोर्डिंग. म्हणजे वेगळ्या बोर्डिंगांपासून निघून आपण शंभर वर्षांपूर्वीच एकत्र बोर्डिंगपर्यंत पोचलो होतो. आज ज्याला सोसायटीचा नियम म्हणतात, तो १८९६ च्या मागं जातो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण लोकांचा गैरसमज आहे की असं करणं आधीच गुन्हा आहे. संविधानाचं कलम १५(२) दुकान, हॉटेल, सार्वजनिक विहिरी, घाट, रस्ते याबद्दल बोलतं, तिथं धर्मावरून जातीवरून कुणाला अडवता येत नाही. खाजगी घर भाड्यानं देणं त्यात नाही. २००५ ला अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवायचा उपविधी (म्हणजे सोसायटीचा स्वतःचा नियम) चालतो असा निकाल दिला, तो आजही सांगितला जातो. भाडे नियंत्रण कायद्यातही धर्मावरून भाडेकरू नाकारू नये असं कलम नाही. हे कलम यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पण एक गोष्ट आजच्या आज वापरता येते. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवताना सभासदानं सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. त्यामुळं "सोसायटीचं तसं आहे" हे वाक्य कुणी बोललं तर शांतपणे म्हणा, लेखी द्या. माझ्या माहितीत तरी अजून कुणी लेखी दिलेलं नाही.

"घर माझं आहे, मी कुणालाही देईन." हो, घर तुमचंच आहे. भाडेकरूची नोकरी बघा, आधीच्या मालकाला फोन करून विचारा, डिपॉझिट घ्या, सगळं करा. फक्त जन्मावरनं नाही म्हणू नका, एवढंच मागणं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना मराठी आहेत म्हणून ऑफिसला जागा नाकारली, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला होता, आमचे सगळे ग्रुप त्यानं भरून गेले होते आणि बरोबरच होतं ते. तिथं "जागा त्यांची, ते ठरवतील" असं आपल्यापैकी कुणी म्हटलं नाही. आणि मुस्लीम वस्तीत हिंदूला कुणी नाव बघून घर नाकारत असेल तर तेही तितकंच चूक आहे, तिथंही मी हेच बोलेन.

आपल्याकडं सर्वधर्मसमभावाची गोष्ट निघाली की लोक लगेच बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती सांगतात, तालमीत बसणारे मोहरमचे पंजे सांगतात, कुरुंदवाडच्या मशिदीतले गणपती सांगतात. सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले तेव्हा एकाच मांडवात दोन्ही बसलेले मी बघितलेत. पण सणाचा समभाव काही दिवसांचा असतो आणि त्याला कुणाचं काही सोडावं लागत नाही. सेक्युलर समाज म्हणजे काय हे मला तरी जिन्यात कळतं. समोरच्या दाराला कुलूप लागलेलं असताना आपल्या दारात कुणाचं पोरगं अभ्यास करत बसलंय, रात्री दोन वाजता बीपी वाढलं तर आपण कुणाची बेल वाजवतो, दिवाळीचा फराळ कुणाच्या घरी जातो आणि ईदचा शीरखुर्मा कुठनं येतो. जुन्या पेठांतल्या वाड्यांत हे होतं, आमची आजी पिंजाऱ्याच्या आजीबरोबर एकाच नळावर भांडायची आणि एकाच चुलीवर पापड भाजायची. त्या दोघींनी संविधान वाचलं नव्हतं, पण एकमेकींना रोज बघत होत्या. आता आमच्या अपार्टमेंटमध्ये वाढणाऱ्या पोरांना मुस्लीम माणूस भेटतो तो फक्त मोबाईलवरच्या व्हिडिओत, आणि त्या व्हिडिओत तो कसा असतो ते सगळ्यांना माहितीय. शेजारीच नसेल तर त्या व्हिडिओला खोटं पाडणार कोण?

अस्पृश्यतेविरुद्ध महाराजांनी हुकूम काढलेच होते, पण अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढलं तेव्हा ते स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, लोकांच्या देखत, आणि बरोबरच्या लोकांनाही पाजला. हुकूम आणि चहा दोन्ही लागतात. हुकूम काढायला मुंबईत माणसं निवडून दिलीत, त्यांना विचारत राहूया. चहाचं काम मात्र ज्याच्याकडं रिकामा फ्लॅट आहे त्याचं आहे.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे. भाडेकरूच्या माहितीच्या फॉर्मवर धर्म-जातीचा रकाना आहे तो काढावा आणि भाडेकरू ठरवताना कमिटीनं धर्म, जात विचारू नये, असा ठराव मी लेखी दिलाय, सूचक मी आणि अनुमोदन तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी काकूंचं. दोन जणांनी आत्ताच फोन करून "कशाला विषय काढतोयस" म्हणून सांगितलंय, तरी विषय सभेत घेणार आहे. कुणाला आपल्या सोसायटीत असा ठराव मांडायचा असेल तर मसुदा पाठवतो, मागा.