ऑक्सफर्डचे प्युसी हाऊस : एका चॅपेलचा दिनक्रम आणि तेथे जाणाऱ्यांसाठी काही सूचना

ऑक्सफर्डला एका दिवसाच्या सहलीवर जाणारे आपल्याकडील बहुतेक प्रवासी क्राइस्ट चर्चचे भोजनगृह, बोडलियन ग्रंथालय आणि रॅडक्लिफ कॅमेरा पाहून संध्याकाळच्या गाडीने लंडनला परततात. सेंट जाइल्स या रुंद रस्त्याच्या पश्चिमेला असलेले प्युसी हाऊस आणि त्यातील चॅपेल, म्हणजे प्रार्थनामंदिर, त्यांच्या यादीत नसते. नोव्हेंबरमध्ये मी आणि माझी पत्नी तेथे गेलो, ते मुख्यतः पुण्याच्या पंचहौद मिशन या इंग्रज मिशनऱ्यांच्या केंद्राच्या इतिहासामागून. त्या इतिहासाचे मूळ ज्या चळवळीत आहे, ती चळवळ आज कशी जगते, हे पाहायचे असेल तर ऑक्सफर्डमध्ये याहून योग्य जागा मला माहीत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय येथे केवळ एक देखणी दगडी इमारत दिसेल. १४ जुलै १८३३ रोजी जॉन कीबल यांनी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये दिलेल्या प्रवचनापासून ‘ऑक्सफर्ड चळवळ’ सुरू झाली, असे मानले जाते. चर्च ऑफ इंग्लंड हे सरकारचे एक खाते नसून येशूच्या प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या प्राचीन चर्चचा भाग आहे, आणि म्हणून त्याच्या उपासनेत वेदी, धूप, पापनिवेदन व संन्यस्त जीवन यांना स्थान असले पाहिजे, ही या मंडळींची भूमिका पुढे हळूहळू आकाराला आली. कीबल आणि जॉन हेन्री न्यूमन यांच्याबरोबर या चळवळीचे तिसरे नाव एडवर्ड बुव्हेरी प्युसी यांचे. १८२८ पासून १८८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते विद्यापीठात हिब्रूचे प्राध्यापक होते. प्रभुभोजनावरील (भाकर व द्राक्षारसाच्या ख्रिस्ती विधीवरील) एका प्रवचनामुळे विद्यापीठाने १८४३ मध्ये त्यांना दोन वर्षे प्रवचन करण्यास मनाई केली होती. न्यूमन १८४५ मध्ये रोमन कॅथलिक झाले, प्युसी मात्र अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचेच राहिले.

प्युसींच्या हयातीतच विद्यापीठ बदलले. पूर्वी ऑक्सफर्डमध्ये नाव नोंदवतानाच विद्यार्थ्याला अँग्लिकन चर्चचे सिद्धांत सांगणाऱ्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागत असे. ही अट १८५४ मध्ये पहिल्या पदवीपर्यंत रद्द झाली आणि १८७१ च्या कायद्याने जवळजवळ सर्व पदव्या व पदे इतर पंथीयांना आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यांनाही खुली झाली. हा बदल न्याय्यच होता. मात्र कायद्याचा आधार गेल्यावर विद्यार्थ्यांमध्ये श्रद्धेचे जीवन टिकायचे असेल तर ते स्वेच्छेवर टिकले पाहिजे, हे प्युसींच्या मित्रांनी ओळखले. त्यांच्या स्मरणार्थ पुतळा न उभारता त्यांनी त्यांचा ग्रंथसंग्रह ठेवण्यासाठी एक घर घेतले, तेथे विद्वान धर्मगुरूंनी राहावे, रोज प्रार्थना व्हावी आणि विद्यार्थ्यांना मोकळेपणाने येता-जाता यावे अशी व्यवस्था केली. १८८४ मध्ये सुरू झालेले हे घर म्हणजेच प्युसी हाऊस. ते विद्यापीठाला अगदी लागून आहे, पण त्याचे खाते नाही, आणि या वेगळेपणातच त्याचे बळ आहे असे मला वाटते.

आजची इमारत टेंपल मूर या वास्तुविशारदाची आहे आणि तिचा मुख्य भाग पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या तीन-चार वर्षांत उभा राहिला. ती पाहताना इतकी जुनी वाटते की शेजारच्या मध्ययुगीन महाविद्यालयांपेक्षा ती कित्येक शतकांनी नवी आहे, यावर विश्वास बसत नाही. आत एका दगडी आडभिंतीने उपासनेच्या जागेचे दोन भाग केले आहेत. बाहेरचा भाग मोठा व मोकळा असून आतला भाग लहान, अधिक उबदार आणि अंधुक आहे. आतल्या वेदीवर निनियन कॉम्पर यांनी १९३० च्या दशकात उभारलेले सोनेरी छत्र आहे. हिवाळ्यातील दुपारी मागच्या रंगीत काचांतून येणारा प्रकाश त्यावर पडतो, तेव्हा मूरचा संयमी राखाडी दगड आणि कॉम्परचे सोने यांतील फरक नीट कळतो. काही जाणकारांना ही दोन माणसांची दोन भिन्न अभिरुची वाटते. मला मात्र ती एकमेकांना पूरक वाटली. तेथे गेल्यावर घाई न करता निदान अर्धा तास नुसते बसावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

परंतु या चॅपेलचे खरे जीवन त्याच्या दिनक्रमात आहे. विद्यापीठाचे सत्र चालू असताना येथे रोज सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आणि मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, होते. आम्ही गेलो त्या कामाच्या दिवशीच्या उपासनेला फारच थोडी माणसे होती. त्यांत पाठीवर पिशव्या घेतलेले विद्यार्थी होते, एक वृद्ध गृहस्थ होते आणि शेजारच्या कार्यालयातून आलेली असावी अशी एक स्त्री होती. वाद्य नव्हते, प्रवचन नव्हते. धर्मगुरू जुन्या वळणाच्या इंग्रजीतील प्रार्थना संथ स्वरात म्हणत होते आणि उपस्थित लोक पाठ असल्याप्रमाणे उत्तरे देत होते. अर्ध्या तासाच्या आत सर्व संपले आणि विद्यार्थी व्याख्यानांना निघून गेले. रविवारी सकाळच्या मोठ्या मिस्सेला मात्र हेच चॅपेल भरून जाते. धूपाचा दाट वास, लॅटिन रचना गाणारे गायकवृंद, भरजरी वस्त्रे आणि नेमक्या हालचाली यांमुळे कॅथलिक चर्चशी परिचित असलेल्या वसईच्या किंवा गोव्याच्या माणसाला तेथे बरेच काही ओळखीचे वाटेल. तरीही शोभेची ही उपासना दाराशी कोणी मोजायला नसलेल्या त्या रोजच्या लहान उपासनेवर उभी आहे, असे मला दोन्ही पाहिल्यावर वाटले. ज्यांना एकच निवडायची असेल त्यांनी कामाच्या दिवसाची निवडावी.

अँग्लिकन जगातील ही परंपरानिष्ठ शाखा आहे, हे जाण्यापूर्वी लक्षात ठेवावे. स्त्रियांना धर्मगुरूपद देण्याच्या प्रश्नावर येथील मंडळी जुन्या प्रथेला धरून आहेत आणि चर्च ऑफ इंग्लंडमधील बहुसंख्यांचे मत त्याहून वेगळे आहे. माझे स्वतःचे मत बहुसंख्यांकडे झुकते, पण ज्या सौजन्याने आम्हा दोघांचे, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या पाहुण्यांचे, स्वागत झाले, त्यात कोठेही संकोच नव्हता.

जाण्याच्या तयारीसंबंधी सांगायचे तर पहिली गोष्ट वेळेची. ऑक्सफर्डचे वर्ष तीन सत्रांत विभागलेले असते : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. प्रत्येक पूर्ण सत्र आठ आठवड्यांचे असते. या काळातच चॅपेल आपल्या पूर्ण लयीत असते. आपल्याकडील बहुतेक कुटुंबे मे अखेरीस किंवा जुलै-ऑगस्टमध्ये इंग्लंडला जातात, त्यांपैकी मे महिन्यात जाणाऱ्यांना सत्र सापडते, तर नंतरच्यांना सुट्टीतला कमी झालेला कार्यक्रम मिळतो. उपासनेच्या वेळा बदलत असल्याने आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून रेल्वेने साधारण तासाभरात ऑक्सफर्ड येते आणि स्थानकापासून सेंट जाइल्सपर्यंत सामान नसेल तर चालतच जावे. व्हिक्टोरियाहून येणाऱ्या बसला वेळ अधिक लागतो, पण ती ग्लॉस्टर ग्रीनला उतरवते, जेथून प्युसी हाऊस पाच-सात मिनिटांवर आहे. चॅपेलला तिकीट नाही. उपासनेच्या वेळी छायाचित्रे काढू नयेत आणि मोबाइल बंदच करावा, नुसता मूक ठेवू नये. दगडी इमारत असल्याने बाहेर ऊन असले तरी अंगावर जाकीट असू द्यावे, आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी रविवारी मागच्या रांगेत दाराजवळ बसावे, कारण धूप खरोखरच भरपूर असतो. उठणे, बसणे, गुडघे टेकणे यांचा क्रम ठाऊक नसेल तर पुढच्या माणसाकडे पाहून वागावे, आणि गुडघे टेकायचे नसतील तर शांतपणे बसून राहिले तरी चालते. प्रभुभोजनाची भाकर मात्र बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असते. इतरांनी जागेवर बसून राहावे किंवा छातीवर हात आडवे ठेवून पुढे जावे, म्हणजे धर्मगुरू केवळ आशीर्वाद देतात. ग्रंथालय अभ्यासकांसाठी आहे आणि तेथे आधी लिहून कळवल्याशिवाय जाऊ नये.

चॅपेलमधून बाहेर पडून दक्षिणेकडे चालू लागल्यावर दोन मिनिटांत रस्त्याच्या टोकाशी हुतात्मा स्मारक लागते. क्रॅन्मर, लॅटिमर आणि रिडली या प्रोटेस्टंट बिशपांना कॅथलिक राजवटीत १५५५ व १५५६ मध्ये येथून जवळच जिवंत जाळण्यात आले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रचलेले हे स्मारक १८४३ मध्ये पूर्ण झाले. प्युसी आणि त्यांचे मित्र रोमकडे झुकत आहेत अशी शंका असलेल्या मंडळींनी त्यासाठी पुढाकार घेतला होता, म्हणजे ज्या वर्षी प्युसींचे प्रवचन बंद झाले, त्याच वर्षी त्यांच्या विरोधकांचे स्मारक उभे राहिले. चॅपेल आणि स्मारक ही दोन्ही एकाच फेरीत पाहावीत. प्युसींची समाधी क्राइस्ट चर्चच्या कॅथेड्रलमध्ये आहे. दिवसा तेथे पर्यटकांना तिकीट असते, परंतु सायंप्रार्थनेला येणाऱ्यास ते लागत नाही, आणि तेथील गायन ऐकण्यासाठी तरी ती वेळ राखून ठेवावी.

आता आमच्या मूळ उद्देशाकडे येतो. प्युसींच्या प्रभावाखाली घडलेल्या रिचर्ड मेक्स बेन्सन यांनी १८६६ मध्ये ऑक्सफर्डच्या पूर्वेकडील काउली येथे संन्यस्त धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. ख्रिस्ती झालेले संस्कृत पंडित नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, १८७० च्या दशकात तेथे उमेदवार म्हणून राहिले, जरी त्यांनी अखेरपर्यंत संघाची कायमची दीक्षा घेतली नाही. याच संघाने मुंबई व पुण्यात काम उभे केले आणि पंचहौदचे पवित्र नाम देवालय १८८५ मध्ये पूर्ण झाले. या संघाच्या जोडीने पुण्यात आलेल्या वाँटेजच्या भगिनींच्या, म्हणजे संन्यासिनींच्या, ऑक्सफर्डजवळील मूळ मठात पंडिता रमाबाई १८८३ मध्ये राहिल्या आणि तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोरे यांच्या लेखनाने आपल्या शंका फिटल्याचे रमाबाईंनी स्वतः नोंदवले आहे. १८९० मध्ये टिळक, रानडे आणि गोखले यांच्या चहापानावरून पुण्यात जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, माजले, तेही याच पंचहौद मिशनमधील चहाचे. आपल्या सामाजिक इतिहासातील इतकी मोठी पाने सेंट जाइल्सवरील त्या वातावरणाशी जोडलेली आहेत.

काउलीला जाण्यासाठी मॉडलिन पूल ओलांडून इफली रस्त्याने दहा-पंधरा मिनिटे चालावे. जी. एफ. बॉडली यांनी १८९० च्या दशकात बांधलेले संघाचे चर्च तेथे उभे आहे. संघ १९८० मध्ये तेथून गेला आणि आता चर्चमध्ये संगीताचे कार्यक्रमही होतात, त्यामुळे आत जायचे असल्यास एखाद्या कार्यक्रमाची किंवा उपासनेची वेळ आधी पाहून ठेवावी. वाँटेज ऑक्सफर्डहून बसने गाठता येते, पण मठ हे प्रेक्षणीय स्थळ नाही. तेथे जायचे असेल तर पत्र पाठवून परवानगी घ्यावी आणि त्यासाठी स्वतंत्र दिवस राखावा. पुण्याच्या वाचकांनी या प्रवासाला निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयात जाऊन यावे, म्हणजे प्युसी हाऊसमध्ये वेदीची मांडणी आणि उपासनेचा क्रम पाहताना कोणती गोष्ट इकडे आली आणि कोणती तिकडेच राहिली, हे ताडून पाहता येईल.