हेडसेट चष्मा घालूनच बघा

तीन आठवडे झाले नवीन गेमिंग हेडसेट घेऊन, आता त्याच्याबद्दल लिहिते. पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं, कारण एमजी रोडच्या दुकानात पाच मिनिटं कानाला लावला तेव्हा एकदम गादीसारखा मऊ वाटला होता. दुकानदाराने मोबाइलला जोडून एक गाणं लावलं, बास दणदणीत, म्हटलं द्या पॅक करून. फक्त हेडसेट लावायच्या आधी मी चष्मा काढून काउंटरवर ठेवला होता आणि ही गोष्ट तेव्हा लक्षातच आली नाही.

रात्री जेवण करून व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम लावला, अर्थात चष्मा घालून, तर पाऊण तासात डाव्या कानाच्या वर, जिथून चष्म्याची काडी मागे जाते ना, तिथे ठणकायला लागलं. दीड तासाने काढला तर काडीचा वळ उठलेला, बोट फिरवलं तर खाच लागत होती. आणि आवाजही दुकानातला नव्हता, बास कुठे गेला कळेना. भाऊ म्हणाला, ताई तुला पीस बदलून दिला वाटतं.

पीस तोच होता. मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, प्रेस मशीनच्या विभागात जायचं तर आवाज अडवणारा इअरमफ कानावर लागतो आणि सेफ्टी ट्रेनिंगला आम्हाला सांगितलेलं की चष्म्याच्या काडीमुळे मफच्या उशीखाली फट राहते आणि तिथून आवाज आत येतो. मग डोक्यात आलं की इथे तेच उलटं होतंय, फटीतून आतला बास बाहेर चाललाय! खालच्या सुरांना कानाभोवती बंद जागा लागते, जरा फट पडली की सगळ्यात आधी तेच पातळ होतात, वरचे आवाज बऱ्यापैकी तसेच राहतात. लगेच करून बघितलं, गाणं चालू ठेवून हेडसेटचे पॅड बोटांनी काडीवर दाबून धरले, बास परत आला, सोडले की गेला. म्हणजे आराम वेगळा आणि आवाज वेगळा असं नसतंच, दोन्ही त्या उशीवरच अवलंबून आहे.

मग नीट टेस्ट केली. भाऊ ढोल पथकात आहे, त्यांच्या सरावाचं रेकॉर्डरवर केलेलं चांगलं रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे. माझ्या मते हेडसेट तपासायला नाशिक ढोलाइतकी चांगली गोष्ट नाही, कारण एकाच ढोलात हाताची थाप खालची, टिपरूचा, म्हणजे काठीचा, आवाज वरचा आणि त्यावर ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा जलद सलग कडकडाट, एकेक काडी मोजता आली पाहिजे अशी. माझ्या हेडसेटवर थाप भरदार येते पण जरा सैल, तिचा घुमारा लांबतो आणि त्यात टिपरू बुडतं. तर्री मात्र स्वच्छ. ड्रायव्हर, म्हणजे आतले छोटे स्पीकर, ५० एमएमचे आहेत, बॉक्सवर तेच मोठ्या अक्षरात लिहिलंय, पण नुसत्या आकाराने आवाज चांगला होत नाही हे थाप ऐकल्यावर पटलं.

गेममध्ये तोच घुमारा नडतो. कोणीतरी युटिलिटी, म्हणजे बॉम्बसारखं काही, फोडलं की त्या धडामधुडूममध्ये नकाशातल्या मार्केट नावाच्या भागातून येणारी शत्रूची पावलं दबतात. म्हणून इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे बास, ४ डेसिबल कमी केलं आणि २ ते ४ किलोहर्ट्झच्या मधलं, म्हणजे वरचे आवाज, थोडं वर घेतलं, पावलं मोकळी झाली. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं ७.१, म्हणजे चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास देणारं सेटिंग, बंद केलं आणि आवाजाची दिशा दाखवणारं गेममधलं एचआरटीएफ चालू ठेवलं, दोन्ही एकदम चालू ठेवलं की आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा गढूळ होते. साध्या स्टिरिओवर डावं-उजवं कळतं पण पुढे की मागे ते कळत नाही, कारण ते आपल्याला बाहेरच्या कानाच्या वळणांमुळे कळत असतं आणि एचआरटीएफ त्याचीच नक्कल करतं.

वजन किचनच्या काट्यावर केलं, वायर सोडून ३१८ ग्रॅम. एवढं चालतं, पण हेडबँडची गादी पातळ आहे त्यामुळे दोन तासांनी टाळूवर जाणवतं. दाब कमी करायला बॉक्सवरच दोन रात्री ताणून ठेवला, तिसऱ्या रात्रीही ठेवणार होते पण मग पकडच गेली असती आणि बास परत पळाला असता. लेदरसारखे पॅड काढून कापडी बसवले, ते काडीभोवती छान दबतात आणि घामही येत नाही. एप्रिलच्या उकाड्यात जुने पॅड अर्ध्या तासात ओले व्हायचे. कापडातून थोडा बास झिरपतो, पण मला तसाही तो जास्तच होता.

माइक ठीक. फॅन ऐकू जातो, बोलणं स्पष्ट जातं, फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं.

एक गोष्ट मनापासून सांगते, व्हॉल्यूम. बास गेला म्हणून पहिल्या रात्री मी आवाज वाढवत नेला होता, बहुतेक जण तेच करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९० ला जेमतेम ४ तास. दिवसभर प्रेसचा दणका ऐकून आलेल्या कानांना रात्री परत तेच द्यायचं नाही. आता पॅड नीट बसतात तर आधीपेक्षा बऱ्याच कमी आवाजात सगळं ऐकू येतं.

येत्या रविवारी भावाला घ्यायचाय. ढोलाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर टाकून ठेवलंय आणि दुकानदाराला आधीच फोन करून सांगितलंय, आम्हाला अर्धा तास लागेल, बसायला एक स्टूल ठेवा.