आमची वाटचाल: इम्प्रूव्हर न घालता ब्रेड टिकवायची खटपट

नवीन गिऱ्हाईक काउंटरवर आलं की ब्रेड हातात घेऊन आधी दाबून बघतं. मऊ लागला की ताजा, जरा घट्ट लागला की कालचा असणार. त्यांचा दोष नाही, पॅकेटच्या ब्रेडनी सगळ्यांना हीच सवय लावलीय. पण आमचा अख्खा धंदा ह्या एका समजुतीशी भांडत उभा राहिलाय म्हणून तेच आधी सांगून टाकतो, मऊपणा वेगळा आणि ताजेपणा वेगळा, आणि मऊपणा पावडरच्या रूपात गोणीत विकत मिळतो, त्या पावडरलाच इम्प्रूव्हर म्हणतात.

मला हे माहिती कारण बेकरी काढायच्या आधी मी एका मोठ्या ब्रेड प्लँटमध्ये प्रॉडक्शनला होतो. आज कारखान्यातला जो बराचसा ब्रेड बनतो त्याचं मूळ १९६१ मध्ये ब्रिटनमधल्या चॉर्लीवूडच्या संशोधन केंद्रात काढलेल्या पद्धतीत आहे. पीठ जबरदस्त स्पीडच्या मिक्सरमध्ये काही मिनिटं घुसळायचं, त्यात थोडं घट्ट फॅट आणि एक ऑक्सिडायझर, म्हणजे पिठाला ताकद आणणारं रसायन, घालायचं, की आंबवायला तासन्‌तास ठेवायची गरजच संपली. मालकाच्या नजरेतून बघितलं तर भारीच आहे, जागा कमी, वेळ कमी, हलक्या गव्हाचंही चालतं. फक्त आंबवण्यात जी कामं आपसूक व्हायची, म्हणजे चव येणं, पीठ लवचिक होणं, ब्रेड चार दिवस नीट राहणं, ती सगळी मग बाहेरून घालावी लागतात आणि तिथून ती घटकांची लांबलचक यादी सुरू होते.

ह्या यादीतलं सगळं एका माळेत ओवू नका, त्याचा फार राग येतो मला. पोटॅशियम ब्रोमेट हा ऑक्सिडायझर खरंच वाईट, प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यामुळे कॅन्सर झालेला दिसलाय, कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनी त्याला माणसात कॅन्सर करू शकेल अशा गटात टाकलं, ब्रिटनमध्ये १९९० ला बंद झालं, कॅनडात १९९४ ला, भारतात २०१६ ला. पण त्याच यादीतलं, लेबलवर ३०० नंबरनी लिहिलेलं अॅस्कॉर्बिक अॅसिड म्हणजे साधं व्हिटॅमिन सी, ते भट्टीत नष्ट होऊन जातं. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपियोनेट, हे बुरशी येऊ नये म्हणून. त्यातलं प्रोपियोनिक अॅसिड काही प्रकारच्या चीजमध्ये आपोआप तयार होतं, आपल्या आतड्यातही होतं, त्याला विष म्हणणं हा उगीच बाऊ आहे. ४७१ आणि ४८१ हे इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणारे पदार्थ, ते स्टार्चला धरून ठेवतात आणि ब्रेड घट्ट व्हायला उशीर लावतात. आणि सगळ्यात हुशार म्हणजे एन्झाइम, माल्टोजेनिक अमायलेज म्हणतात, ते स्टार्चच्या फांद्यांची टोकं छाटतं त्यामुळे ब्रेड आठवडाभर दाबला तरी मऊच लागतो. युरोपात हे प्रोसेसिंगला मदत करणारं म्हणून धरलं जातं आणि लेबलवर लिहायचीही सक्ती नाही. म्हणजे ज्या गोष्टीमुळे गिऱ्हाईक फसतं नेमकी तीच गिऱ्हाइकाला दिसत नाही.

मग आम्ही हे सगळं का टाळतो, तर भीतीपोटी नाही. मी आणि बायकोनी बेकरी काढताना एवढंच ठरवलं होतं की पीठ, पाणी, मीठ, खमीर, लागलं तर थोडं तेल, ह्याच्या बाहेर जायचं नाही आणि बाकी जे काय करायचं ते वेळेनी करायचं. फ्रान्सनी तर १९९३ मध्ये कायदाच केला की पारंपरिक फ्रेंच ब्रेड असं नाव लावायचं असेल तर त्यात अॅडिटिव्ह चालणार नाही आणि कुठल्याही टप्प्याला तो फ्रीझ करायचा नाही. आपल्याला कोणी सक्ती केली नव्हती पण नियम हवा तर असा, सोपा आणि पळवाट नसलेला, असं आम्हाला वाटलं.

आता खरं काम. ब्रेड दोन तऱ्हेनी जातो, एक शिळा होऊन आणि दुसरा बुरशी येऊन, आणि लोक ह्या दोन्हीची गल्लत करतात. शिळा होणं म्हणजे वाळणं नाही. १८५२ मध्ये बुसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानी ब्रेड हवाबंद ठेवून दाखवलं की पाणी अजिबात न उडताही तो शिळा होतो, आणि परत गरम केला की मऊ पडतो. भट्टीत स्टार्च पाणी पिऊन फुगतो, सैल होतो, थंड झाल्यावर तो पुन्हा हळूहळू शिस्तीत रचला जातो आणि घट्ट बनतो, तोच शिळेपणा. हे फ्रीजच्या थंडाव्यात सगळ्यात जोरात होतं. म्हणून फ्रीजमध्ये बुरशी लांबते पण ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, हे आम्ही काउंटरवर रोज सांगतो आणि रोज कोणीतरी वाद घालतं.

शिळेपणावर आमचे उपाय पिठातलेच. थोडं पीठ पाचपट पाण्यात ढवळत साधारण ६५ अंशांपर्यंत तापवायचं, खिरीसारखं दाट होतं, ते गार करून मुख्य पिठात घालायचं. त्या फुगलेल्या स्टार्चनी पाणी धरून ठेवलेलं असतं त्यामुळे लोफ एक-दोन दिवस जास्त ओलसर राहतो. दुसरं म्हणजे पाणी वाढवलं, मळताना हाताला चिकटतं, नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशीच पीठ भुरभुरवून गोळा कोरडा करून टाकतो, त्याला आवरावं लागतं. तिसरं, एकूण पिठाचा साधारण पाचवा भाग आधीच आंबट खमिरात मुरवलेला असतो, त्यातल्या लॅक्टिक आणि अॅसेटिक अॅसिडमुळे चव तर येतेच पण बुरशीलाही जरा अटकाव होतो. शिवाय गरम दमट हवेत ब्रेडला तार सुटायचा एक प्रकार असतो, आतला गर चिकट होतो, ओढला तर धागे निघतात आणि अति पिकलेल्या फळाचा वास येतो. तो बॅसिलस नावाच्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे, ते भट्टीतही मरत नाहीत. त्याला आंबटपणा सहन होत नाही, म्हणून उन्हाळ्यात आम्ही खमीर थोडं जास्तच आंबट ठेवतो.

बुरशीचं मात्र उलटं आहे. भट्टीतून बाहेर येतो तेव्हा ब्रेडवर बुरशी नसतेच, तिचे बीजाणू तिथे जळून जातात. ती येते नंतर, हवेतून, हातातून, आणि सगळ्यात जास्त स्लायसरच्या पात्यांतून. पात्यांच्या मधल्या फटीत चुरा अडकतो, त्याला थोडी ओल लागली की झालं, दुसऱ्या दिवशीचा प्रत्येक लोफ त्यातून जाणार आणि प्रत्येक स्लाइसच्या दोन्ही बाजूंना लागण होणार. म्हणून आमच्याकडे संध्याकाळी मशीन बंद करून प्लग काढतात, ब्रशनी कोरडा चुरा काढतात, मग पाती एकेक करून स्पिरिटनी पुसतात. पाणी लावायचं नाही म्हणजे नाही. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळायला माणूस हजार बहाणे शोधतो, पण मला विचाराल तर प्रोपियोनेटचा अर्धा खप स्वच्छता परवडत नाही म्हणून आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे गार करणं. लोफ आतून पूर्ण गार व्हायच्या आधी पिशवीत गेला की आतली वाफ प्लॅस्टिकवर थेंब होऊन बसते आणि बुरशीला तेवढं पुरतं. गिऱ्हाईक म्हणतं गरम द्या, आम्ही म्हणतो कागदात देतो पण प्लॅस्टिकमध्ये नाही. स्लाइसही ऑर्डर आली की मगच करतो, अख्खा लोफ जास्त टिकतो.

मध्ये एक सप्लायर आला होता, क्लीन लेबल पावडर घेऊन. लेबलवर फक्त आंबवलेलं गव्हाचं पीठ लिहायचं, नंबर नाही काही नाही, ब्रेड मात्र तेवढाच टिकतो. टिकणारच ना, कारण त्या पिठात जिवाणूंकडून प्रोपियोनिक अॅसिडच तयार करून घेतलेलं असतं! तोच माल, नाव तेवढं सात्त्विक. आम्ही नाही घेतला. त्यापेक्षा सरळ २८२ लिहिणारा माणूस मला जास्त प्रामाणिक वाटतो.

ह्या सगळ्यामुळे धंद्याला मर्यादा आहेत, ते लपवत नाही. लांबच्या दुकानांना माल देता येत नाही, कारण त्यांना शेल्फवर आठवडा हवा असतो, आणि एका वितरकानी तर तोंडावर सांगितलं की तुमचा ब्रेड चांगला आहे पण विकायला कामाचा नाही. त्याच्या बाजूनी ते बरोबरच होतं. आम्ही मग विकायची पद्धतच बदलली, आदल्या दिवशी ऑर्डर घ्यायची आणि तेवढाच भाजायचा, उरलेला दुसऱ्या दिवशी वाळवून टोस्ट किंवा ब्रेडक्रम्स करायचा.

उरलेली निम्मी लढाई गिऱ्हाइकाच्या घरात असते. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर अख्खा लोफ कापलेली बाजू फळीवर पालथी ठेवून वरून कापड टाकायचं, कड कुरकुरीत राहते. तेवढ्यात संपणार नसेल तर पहिल्याच दिवशी स्लाइस करून हवाबंद पिशवीत फ्रीझरला टाका, उणे १८ ला शिळं व्हायची क्रिया जवळजवळ थांबते, लागेल तशी एकेक काढून थेट टोस्टरमध्ये. घट्ट झालेल्या लोफवर पाण्याचा हबका मारून गरम ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवला की परत छान होतो पण लगेच खावा लागतो, गार झाला की आधीपेक्षा लवकर कडक होतो. आणि बुरशी दिसली तर तो कोपरा तोडून बाकीचा खायचा नाही, ब्रेड सच्छिद्र असतो, धागे आत कुठवर गेलेत ते डोळ्याला दिसत नाही, सगळा टाकायचा.

सध्या राय, म्हणजे गव्हासारखंच एक धान्य, मिसळलेल्या लोफवर काम चालू आहे. राय पाणी फार धरतो त्यामुळे तो लोफ पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो आणि त्यानंतरही बरेच दिवस नीट राहतो, फक्त तो जड असतो आणि दाबून बघणाऱ्यांना अजिबात पसंत पडत नाही, त्यामुळे आता काउंटरवर त्याच्या स्लाइस कापून ठेवल्यात, आधी खाऊन बघा मग दाबा.