बारोकाचा आकडा उलटा चढला

नाशिकला आमचा काढणीचा हंगाम जानेवारी ते मार्च. त्यामुळे सप्टेंबरात पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यात लॅबचं हंगामी काम करायला जाणं जमतं. पिन्यावजवळच्या एका लहान वायनरीत होते, तेव्हाची ही गोष्ट.

त्या दिवशी तिंता बारोका आली. पोर्ट, म्हणजे मद्यार्क घालून केलेली इथली गोड वाइन, तिच्यासाठी लागणाऱ्या द्राक्षाच्या प्रमुख लाल वाणांतलं हे एक. साल पातळ, लवकर पिकतं, साखर भरपूर, पण ऊन सोसत नाही. म्हणून जाणते शेतकरी ते उंचावर नाहीतर उत्तरेच्या उतारावर लावतात आणि नदीकाठचा तापलेला उतार तोरिगा फ्रांका या दुसऱ्या वाणाला देतात. हा माल मात्र थेट नदीलगतचा होता. तिथला पाटीसारखा शिस्ट दगड दिवसभर तापतो. बरेच मणी सुरकुतून मनुक्याच्या वाटेला लागले होते.

मी रस मोजला. 13.2 बोमे. (बोमे म्हणजे रसातल्या साखरेचं माप, आपल्याकडे ब्रिक्स बोलतात. एक बोमे म्हणजे साधारण 1.8 ब्रिक्स, आणि ढोबळमानाने आंबल्यावर तेवढेच टक्के अल्कोहोल.) आकडा ठीकठाक वाटला.

संध्याकाळी द्राक्षं ग्रॅनाइटच्या लगारात, म्हणजे उथळ हौदात, पडली आणि तुडवणी सुरू झाली. पहिले दोनेक तास एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, एका ओळीत, एका लयीत पावलं टाकायची. मीही उतरले होते. गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नका. तळघराचे म्हातारे मुकादम माझ्या शेजारी होते. मध्येच ते थांबले, पायाने तळ चाचपला आणि म्हणाले, "तुझा आकडा कागदावर राहू दे पोरी. मनुका अजून सुटलेली नाही."

सकाळी पुन्हा मोजलं तर 14.1. अजून आंबायला लागलं नव्हतं, त्यामुळे आकडा उतरायचा प्रश्न नव्हता, पण चढावा कशाला? दुपारी 14.8. कारण मात्र सरळ होतं. सुरकुतलेला मणी पहिल्या दाबाला फुटत नाही, त्याच्यातली साखर आतच राहते. रात्रभर रसात भिजला की तो फुगतो आणि साखर सोडतो. आदल्या दिवशी मी मोजला तो टपोऱ्या मण्यांचा रस होता.

पोर्टमध्ये एवढा फरक महाग पडतो. रस अर्धवट आंबला की त्यात 77 टक्क्यांचा द्राक्षाचा मद्यार्क, आग्वार्देन्ते, ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर गोडवा म्हणून राहते. जुना हिशोब 435 लिटर रसाला 115 लिटर मद्यार्क, मिळून 550 लिटरचा एक पीप. आम्ही 7 बोमेवर थांबवणार होतो. 13.2 धरलं तर तोवर सहाएक टक्के अल्कोहोल झालेलं असतं आणि 115 लिटर ओतून तयार वाइन 21 च्या आसपास बसते. पण खरी सुरुवात 14.8 ची, म्हणजे 7 ला पोचेपर्यंत जवळपास आठ टक्के. त्यावर 115 लिटर ओतले की 22 ची कायदेशीर हद्द ओलांडली. बाहेर काढायची सोय नाही.

मी वहीत हिशोब मांडला. 20 टक्क्यांवर आणायचं तर 93 लिटर पुरेत. मुकादमांनी वही हातात घेतली नाही, फक्त विचारलं, "शंभराच्या खाली?" मी हो म्हटलं. "मग बरोबर."

बारोका आंबायला लागली की दम घेत नाही. काळोख पडल्यावर दर तासाला, नंतर दर अर्ध्या तासाला नमुना. पहाटे आकडा 7 वर आला आणि मद्यार्क सोडला. एवढा वेळ खदखदणारा हौद हळूहळू गप्प झाला. ढवळून घेतलेला नमुना 20.2 निघाला.

दुसऱ्या दिवशी शेतकरी आला. मुकादमांनी त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी नदीकडच्या ओळी आठवडाभर आधी तोडायच्या आणि वेगळ्या आणायच्या. त्याने मान डोलावली आणि भाव विचारला.