चेकच्या शर्टातला चेक

दुपारी तीनच्या सुमाराला इस्त्रीच्या टपरीवर एक वाक्य कानावर पडलं. “त्या चेकच्या शर्टाच्या खिशात चेक राहिलाय का, जरा चेक कर.” सांगणारा फोनकडे वळला, ऐकणाऱ्यानं गठ्ठ्यातून बरोबर तोच शर्ट ओढला. एकाच दमात एकच शब्द तीनदा, तीन अर्थांनी, आणि घोटाळा शून्य.

घोटाळा होत नाही, कारण मराठीनं तिघांना तीन सोबती दिलेत. कापडाला ‘चा’ लागतो, तपासणीला ‘करणे’, आणि बँकेतला चेक आधी फाडला जातो, मग वटतो. फाडल्यावरच कामाला लागणारा दुसरा कागद चटकन आठवत नाही. ‘वटणं’ मूळचं हुंडीचं. पेढीवर हुंडी वटायची, सावकार वटाव कापून पैसे मोजायचा. हुंड्या गेल्या, क्रियापद मागं राहिलं आणि चेकला चिकटलं. सरकारी कागदांत आणि बातम्यांत त्याचा ‘धनादेश’ होतो, पण तिथंही तो ‘न वटल्याप्रकरणी’च गुन्हा दाखल होतो.

तर हा चेक इंग्रजी. म्हणजे तसा समज आहे. प्रत्यक्षात तो इंग्रजीतही पाहुणाच. फारसीत राजा म्हणजे शाह. बुद्धिबळाच्या पटावर राजाला धोका झाला की समोरचा ‘शाह!’ म्हणून सावध करायचा. हा पुकारा अरबीतून युरोपातल्या लॅटिनमध्ये, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये गेला, तिथं त्याचं ‘एशेक’ झालं आणि इंग्लंडात उतरताना पुढचा ‘ए’ गळून ‘चेक’. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन म्हणजे ‘चेस’. थोडक्यात, इंग्रजांच्या खेळाचं नावच ‘शह-शह-शह’ असं आहे.

आपण खेळाला बुद्धिबळ हे घरचं नाव ठेवलं, पण शह, मात, वजीर, प्यादं ही मंडळी फारसीतूनच घेतली. ‘मात’चा अर्थ काही जण अरबीवरून ‘मेला’ असा लावतात, काही जण फारसीवरून ‘हतबल झाला’ असा. मराठीनं कौल दुसऱ्या बाजूला दिलेला दिसतो, कारण आपण आजारावर मात करतो, परिस्थितीवर मात करतो, आणि त्यात कुणी मरावं लागत नाही. म्हणजे ‘चेक’ येण्याच्या कितीतरी आधी तो ‘शह’ होऊन आपल्या घरात बसला होता. राजकारणाच्या बातम्यांत शहाला काटशह रोज दिला जातो, आणि त्याच पानावर धनादेश वाटपाचा फोटो असतो. एकाच आजोबांची नातवंडं, पण ओळखदेख नाही.

पटावरचा शह बँकेत कसा शिरला, ते मात्र नीट सांगण्यासारखं आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका टेबलावर व्हायचा. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वर ठेवलेलं काही घरंगळू नये. त्यावर रेघांचं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे शिक्षा, म्हणून रेघांमधल्या घरांत सोंगट्या मांडायच्या : पेनी, शिलिंग, पौंड, मग वीस, शंभर, हजार पौंड. बारा पेनी झाल्या की त्या उचलून शेजारच्या घरात एक शिलिंग. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला जिल्ह्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ. दिसायला हुबेहूब बुद्धिबळाचा पट, म्हणून टेबलाचं नाव एक्स्चेकर, पुढं सगळ्या खात्याचंच. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो, म्हणजे शब्दशः पटाचा कारभारी.

दरम्यान ‘चेक’चा अर्थ सरकत होता. राजाला शह, मग कुणालाही अडवणं, मग ताब्यात ठेवणं, मग ठीक आहे ना ते पडताळणं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे कागदाचा मागं राहणारा तुकडा, आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो तो. लबाडी झालीच तर दोन तुकडे जुळवून पकडायची. नंतर नाव मागं राहिलेल्या तुकड्याला सोडून, फाडून दिलेल्या तुकड्याला चिकटलं. एक्स्चेकरच्या वजनानं इंग्रजांनी त्याचं स्पेलिंगही भारदस्त केलं, अमेरिकनांनी साधंच ठेवलं. देवनागरीत ही भानगडच नाही. अमेरिकेत नव्यानं गेलेला मराठी माणूस मात्र हॉटेलात अडखळतो. तिथं जेवणाच्या बिलाला ‘चेक’ म्हणतात आणि खिशातल्या नोटेला ‘बिल’, म्हणजे बिलं मोजून चेक भागवायचा.

आपल्याकडच्या चेकवर अडवणुकीचा मूळ अर्थ अजून जागोजाग दिसतो. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या की खिडकीवर रोख मिळणं बंद, पैसे खात्यातच जातात. नाव रेघेच्या अगदी डावीकडून सुरू करायचं. अक्षरी रकमेच्या शेवटी ‘मात्र’ आणि आकड्यापुढं तिरपी रेघ नि आडवी रेघ, म्हणजे कुणाला शून्य घुसडायला जागा नको. खाडाखोड केलीत तर शेजारी सही करूनही उपयोग नाही, हल्ली चेकचा फोटोच पुढं जातो. तारीख सोडून काहीही बदललेलं असलं तर तो परत येतो. १ एप्रिल २०१२ पासून चेकचं आयुष्य सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आलंय. वटला नाही, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, आणि नोटीस पोचल्यापासून समोरच्याला पंधरा दिवस. शह दिल्यावर राजाला एक चाल मिळतेच. आणि धुण्यात गेलेला चेक वाळवून, इस्त्री मारून बँकेत नेऊ नये. देणाऱ्याला सांगून आधी तो थांबवायचा, मग नवा घ्यायचा.

कापडाचा चेक पटाच्या घरांवरून आला, यात काही गूढ नाही. ताण्यात रंगीत धागे ठरावीक अंतरानं लावायचे, बाण्यात त्याच क्रमानं टाकायचे, की चौकड्या तयार. कसोटी पुढं, शिंप्याकडे. चेक्सच्या शर्टाला कापड थोडं जास्त लागतं, कारण घर घराला मिळवायचं असतं. दुहेरी घडी घालून एकदम कातरलं की खालचा थर पाव इंच सरकतो, मग काजपट्टी आणि बटणपट्टीवरच्या आडव्या रेघा पायरीसारख्या वरखाली दिसतात. नीट काम करणारा एकेक थर वेगळा कापतो, रेघेवर टाचण्या लावतो. खिसा तर असा बसवतो की तो आहे हे शाईचा डाग पडेपर्यंत कळू नये. एवढा वेळ नसेल तर खिसा उरेब कापतात. चौकड्या तिरप्या झाल्या की जुळण्याचा प्रश्नच मिटतो, गिऱ्हाइकाला ती फॅशन वाटते.

राहिला तिसरा, ‘चेक करणे’. त्यानं ‘तपासणे’ला हाकललं अशी तक्रार असते. ती तितकीशी खरी नाही. डॉक्टर अजून तपासतात, वह्याही तपासल्या जातात. चेकनं जागा खाल्ली ती ‘बघ’ची. दूध बघ, मीठ बघ, ताप बघ, दारात कोण ते बघ, हे सगळं आता चेक होतं. मीठ चेक करणं कानाला खडा लागल्यासारखं वाटतं, ते चाखावं. पण ‘बाळाकडे बघ’मधला बघ चेकला अजून जमलेला नाही. बाळ चेक केलं तर ते ओलं आहे का एवढंच कळतं. आणि ‘बघतो’ म्हटलं की काम होणार नाही हे उघड असायचं. ‘चेक करून सांगतो’ म्हटलं की तेच कळायला चार दिवस जास्त लागतात.

मुंबई आणि ठाण्याच्या वेशीवर मुलुंड चेकनाका आहे. जकात १ जुलै २०१७ ला गेली, नाव काही हललं नाही. नाक्यावर अडवायचंच असतं, त्यामुळं तिथं चेक आधीपासूनच जास्तीचा होता.

राहता राहिला मूळचा शह. आंतरराष्ट्रीय नियमांत तो तोंडानं सांगण्याची सक्ती नाही. आपला राजा आपण सांभाळावा. गल्लीतल्या ओट्यावर मात्र न सांगता राजा उचललात, तर पट उधळतो आणि निदान दोन प्यादी नाल्यात जातात.