घरून मेडिकल बिलिंग करायचंय? मग आधी होल्डवर बसायची तयारी ठेवा

मेडिकल बिलिंग म्हणजे डॉक्टरांच्या वतीने इन्शुरन्स कंपन्यांकडून पैसे मागायचं काम. सगळ्यात आधी त्याच्या नावाने विकतात त्या तयार बिझनेस किटचं उरकून टाकते, कारण सारखं कोणी ना कोणी मला तसली जाहिरात फॉरवर्ड करून विचारतं की ताई हे घेऊ का. सॉफ्टवेअर, डॉक्टरांची यादी, ट्रेनिंगचे व्हिडिओ, आणि वर "घरबसल्या कमाई". नका घेऊ. अमेरिकेत ही फसवणूक इतकी जुनी आहे की फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था, नव्वदच्या दशकापासून असल्या बिलिंग स्कीमवाल्यांच्या मागे लागलंय. १ मार्च २०१२ पासून तर नियमच आहे की असा बिझनेस विकणाऱ्याने पैसे घ्यायच्या किमान ७ दिवस आधी एका पानाची लेखी माहिती द्यायची, आणि कमाईचा आकडा सांगितला असेल तर त्याचा आधारही. एकदा मागून बघा, समोरचा कसा गडबडतो ते. आणि यादीतले डॉक्टर काही आपली वाट बघत बसलेले नसतात हो.

मी लग्नाआधी ऐरोलीला एआर कॉलर होते, नाइट शिफ्ट. म्हणजे रात्रभर अमेरिकेतल्या इन्शुरन्स कंपन्यांना फोन लावून आमचा क्लेम, म्हणजे पैशाची मागणी, कुठे अडकलाय ते विचारायचं. आता न्यू जर्सीत बसून तेच करते, फक्त दिवसा आणि स्वतःच्या एलएलसीच्या (छोट्या कंपनीच्या) नावाने. त्यामुळे लोकांना वाटतं की हे टायपिंगचं काम आहे, फॉर्म भरा नि पाठवा, तेव्हा मला जरा हसू येतं. क्लेम पाठवणं काहीच नाही. सीएमएस-१५०० हा क्लेमचा फॉर्म आता सॉफ्टवेअरच भरतं आणि तो क्लिअरिंगहाउसमार्फत, म्हणजे क्लेम तपासून पुढे पाठवणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत, इलेक्ट्रॉनिक जातो. खरं काम पाठवल्यानंतर सुरू होतं.

आधी रिजेक्शन आणि डिनायल यातला फरक डोक्यात पक्का बसवा. रिजेक्शन म्हणजे क्लेम इन्शुरन्सच्या सिस्टीममध्ये घेतलाच गेला नाही, मेंबर आयडीत एक अंक चुकला, जन्मतारीख जुळली नाही, बाहेरच्या बाहेर परत आला. त्यांच्या दृष्टीने तो आलेलाच नाही, आणि इकडे मुदतीचं घड्याळ चालूच असतं. मेडिकेअरला (म्हाताऱ्या माणसांचा सरकारी इन्शुरन्स) सर्व्हिसच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं पण खाजगी प्लॅनमध्ये कुठे ९० दिवस कुठे १८० दिवस, आणि ते संपले की सीओ-२९, म्हणजे मुदत संपल्याचा कोड, लागून येतं, मग पैसे गेले, पेशंटकडूनही सहसा मागता येत नाहीत. म्हणून क्लिअरिंगहाउसचे अ‍ॅक्सेप्टन्स रिपोर्ट रोज बघायचे आणि जपून ठेवायचे. "आम्हाला क्लेम मिळालाच नाही" असं समोरून आलं की तोच एक कागद उपयोगी पडतो.

डिनायलचं वेगळं. क्लेम आत गेला, वाचला, आणि नाही म्हणाले. कारण कोडमध्ये असतं. सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी, सीओ-१९७ म्हणजे आधी परवानगी घेतली नव्हती, सीओ-१०९ म्हणजे चुकीच्या दारात आलात. हे शेवटचं थेरपिस्ट, म्हणजे मानसिक आरोग्याचे उपचार करणाऱ्या लोकांच्या बिलिंगमध्ये फार. पेशंटच्या कार्डावर पुढे एका कंपनीचं नाव असतं आणि मेंटल हेल्थचे क्लेम भलत्याच कंपनीकडे जातात, ते कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं. म्हणून पेशंटकडून कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्यायला सांगते मी, आणि पहिल्या सेशनच्या आधीच एलिजिबिलिटी, म्हणजे इन्शुरन्स चालू आहे का, ते चेक करते.

थेरपिस्ट म्हटलं कारण एकटीने घरून सुरू करायचं तर माझ्या मते तेच बरं पडतं. बिलात प्रत्येक सेवेचा एक नंबर असतो, ते कोड इथे मोजके. पहिलं असेसमेंट ९०७९१, मग मुख्यतः ९०८३४ आणि ९०८३७. सर्जरीच्या बिलिंगला एकटीने हात घालू नका, कोडला जोडायच्या मॉडिफायरमध्येच (जादा खुणांमध्ये) वर्ष जाईल. पण मोजके कोड म्हणजे सोपं असंही नाही. ९०८३७ लावायला सेशन किमान ५३ मिनिटांचं लागतं, ३८ ते ५२ असेल तर ९०८३४. माझ्या एका क्लायंट थेरपिस्टच्या नोट्समध्ये सरसकट ५० मिनिटं लिहिलेली असायची आणि बिल मात्र ९०८३७ चं मागायची. मी म्हटलं मॅडम, हे मी नाही पाठवणार. थोडी कुरबूर झाली, मग ऐकलं. बिलरने नुसतं सांगितलं तसं टाइप केलं म्हणून तो सुटत नाही, चुकीचं आहे हे माहीत असून पाठवलं तर तोही अडकतो.

आता पैशाचं. बहुतेक जण वसुलीवर टक्के घेतात. समजा थेरपिस्टने १५० डॉलरचं बिल लावलं, इन्शुरन्सचा ठरलेला दर ९० डॉलर, तर वरचे ६० सीओ-४५ (ठरलेल्या दरापेक्षा जास्तीचे) म्हणून सोडून द्यायचे, आणि तुमचे ६ टक्के त्या ९० वर, म्हणजे ५ डॉलर ४० सेंट. आठवड्याला २५ सेशन करणारी बाई असेल तर महिन्याचे साडेपाचशेच्या आसपास, त्यातून सॉफ्टवेअर, क्लिअरिंगहाउस आणि आपल्या धंद्याच्या इन्शुरन्सचा खर्च. एका क्लायंटवर घर चालत नाही, दहा झाले की एकटीला झेपत नाही. जानेवारीचं गणित वेगळंच, बऱ्याच लोकांचं डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स द्यायला लागण्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम, नव्याने सुरू होतं, इन्शुरन्सकडून येणारे पैसे आटतात आणि पेशंटकडून मागत बसावं लागतं. आणि न्यूयॉर्कचा क्लायंट घेणार असाल तर थांबा, तिथे डॉक्टरच्या कमाईवर टक्केवारी घेणं फी-स्प्लिटिंगमध्ये (फी वाटून घेण्यात, जे चालत नाही) धरतात, तिथे फ्लॅट फी किंवा क्लेममागे ठरलेला दर. चेक मात्र कुठलाही असो, डॉक्टरच्याच खात्यात जायला हवा, आपल्या नाही.

एच-४ वाल्या, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी मुळे इथे आलेल्या मैत्रिणींसाठी, ईएडी (कामाची परवानगी) हातात असेल तर स्वतःचा धंदाही चालतो, २०१५ पासून ती सोय आहे. नसेल तर "घरूनच तर करतेय, पैसे नवऱ्याच्या खात्यात घेऊ" हे सल्ले देणाऱ्यांपासून लांब राहा. उद्या ग्रीन कार्डच्या वेळी ते सल्लागार येणार नाहीत.

हिपाचं, म्हणजे पेशंटची माहिती गुप्त ठेवायच्या कायद्याचं, एवढंच सांगते की प्रत्येक क्लायंटसोबत पेशंटची माहिती जपायचा करार, म्हणजे बिझनेस असोसिएट अ‍ॅग्रीमेंट सही झाल्याशिवाय एकाही पेशंटचं नाव बघू नका. दार बंद होणारी खोली पाहिजे, मुलं ज्यावर गेम खेळतात तो लॅपटॉप चालणार नाही, आणि पेशंटचे तपशील व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात नाही. माझा मामेभाऊ नागपूरला याच लाइनमध्ये आहे, म्हणतो ताई पेमेंट पोस्टिंग (आलेल्या पैशांच्या नोंदी) मला दे, रात्रीत करून ठेवतो. मुलगा हुशार आहे, पण काही राज्यांच्या मेडिकेडला (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) पेशंटची माहिती देशाबाहेर गेलेली चालतच नाही, बाकी ठिकाणीही आधी क्लायंटची लेखी परवानगी घेतलेली बरी. त्यामुळे सध्या आमचं फक्त डिनायलवर गप्पा मारणं चालतं, पेशंटचं नाव न घेता.

पहिला क्लायंट कसा मिळतो? मला तरी कोल्ड ईमेलने एकही मिळाला नाही. नव्याने स्वतःची प्रॅक्टिस उघडलेली एक थेरपिस्ट ओळखीतून आली, तिचे जुने अडकलेले क्लेम सोडवून दिले, मग तिने दुसरीला सांगितलं. सीपीबी हे बिलिंगचं सर्टिफिकेट उपयोगी पडतं, पण समोरची विचारते ते हेच की माझे अडकलेले पैसे काढून देशील का.

काँट्रॅक्टमध्ये सोडून जायचं कलम मात्र पहिल्या दिवशीच घाला. क्लायंट गेली तरी आधी पाठवलेल्या क्लेमचे पैसे पुढचे दोन-तीन महिने येत राहतात, त्यावर तुमचे टक्के आहेत की नाहीत, जुने डिनायल कोण बघणार, सॉफ्टवेअरचा लॉगिन कधी बंद होणार, हे सगळं लिहून. ओळखीतली असेल तर जरा जास्तच नीट लिहा.